पाय मोडला तर?

अमेरिकेहून परत आल्यावर साताऱ्यात जो तो एकच विचारायचा, "नायगारा बघितला का?" नाही बघितला. "मग न्यूयॉर्कचा तो पुतळा?" तोही नाही. शेजारच्या वहिनींनी तर असा चेहरा केला, जणू तिकिटाचे पैसे त्यांच्याच पर्समधून गेले होते. "अहो, मग इतके दिवस केलंत काय तिकडं?" मी म्हटलं, ओल्या गवतात उभी राहून पोरी पळताना बघितल्या, एका भल्या बाईला सगळ्यांनी मिळून तिच्याच ऑफिसात 'शिव शिव' म्हणून गप्प केलं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे, स्वतः गप्प बसायला शिकले. वहिनी म्हणाल्या, "बरं, चहा टाकते."

चहा पिता पिता त्यांना जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहिते आहे. मी शुभा. मुलींच्या शाळेत आयुष्यभर खेळ शिकवला. निवृत्त झाले तरी सकाळी खो-खोच्या पोरींसाठी मैदानावर असतेच, आणि गळ्यात शिट्टी असते. ती शिट्टी मी अमेरिकेलाही नेली होती. का नेली विचारू नका. काही बायका मंगळसूत्राशिवाय घराबाहेर पडत नाहीत, तसं समजा.

नेपरव्हिल

मृणाल ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती पुण्याची, तिचा नवरा निखिल नागपूरचा, दोघंही संगणकातले. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल नावाच्या गावात त्यांचं घर आहे. घर कसलं, आमच्या शाळेचा अर्धा मजला त्यात बसेल. पुढं हिरवळ, मागं हिरवळ, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिल्या दिवशी मी तासभर खिडकीत उभी होते. एक खार दिसली आणि कुत्र्याला फिरवणारा एक माणूस. त्यानं हात केला, म्हणून मीही केला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच माणूस, तोच कुत्रा, तोच हात. म्हटलं चला, ओळख झाली.

त्यांची एकुलती एक मुलगी इरा. बारावीत. उंच, काटकुळी, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. मला आजी म्हणते. शाळेच्या क्रॉस कंट्री टीममध्ये पळते. क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅकवर गोल गोल नव्हे, तर गवतातून, झाडांतून, चढउतारांवरून लांबची शर्यत.

तिसऱ्या दिवशी मृणालनं भाजी चिरता चिरता मला बोलावण्यामागचं खरं कारण सांगितलं. आयोवातल्या एका लहानशा कॉलेजच्या कोचबाईनं इराला पाहिलं होतं आणि टीममध्ये जागा देऊ केली होती. कॉलेज बघायला या म्हणाली होती, आणि महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. निखिलला मात्र इरानं आपल्याच राज्यातल्या मोठ्या विद्यापीठात जाऊन कम्प्युटर घ्यावं असं वाटत होतं. तिथल्या टीममध्ये इराचा नंबर लागणं शक्यच नव्हतं, म्हणजे तिथं गेली की शर्यती संपल्या. आणि इरा? इरा दोन्हीला "आय डोन्ट नो" म्हणायची आणि बूट घालून पळायला जायची.

"मावशी, तूच समजाव तिला," मृणाल म्हणाली. "तू एवढ्या मुली घडवल्यास. तू सांगितलंस की पळणं वगैरे ठीक आहे, पण करिअर महत्त्वाचं, तर ती ऐकेल."

घ्या! चोराच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या! मी जन्मभर काय केलं? दहावीच्या मुलींच्या आयांशी भांडले. जून उजाडला की एकेक माउली यायची, "बाई, यंदा दहावी, तिचं मैदान बंद." मी बोर्डाच्या सवलतीच्या गुणांचं आमिष दाखवायचे, हातापाया पडायचे, एखादीला घरी जाऊन समजवायचे. आणि आता माझीच भाची मला सांगत होती, की हिला मैदानावरून उठव.

मी "बघते" म्हटलं. मनात वेगळंच होतं. मी ठरवूनच टाकलं, की पोरगी आयोवाला जाणार.

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच आठवड्यात चकित करून गेली. इराच्या शाळेत एखाद्या विषयात घसरलात तर टीममधून बाहेर बसावं लागतं. त्यामुळं सरावाच्या आधी टीममधल्या पोरी कॅन्टीनमध्ये एकत्र अभ्यास करत बसायच्या आणि त्यांचा कोच, जो शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, टेबलाटेबलांमधून फिरायचा. आमच्याकडे मार्क कमी होऊ नयेत म्हणून मैदान बंद करतात. इथं मैदान बंद होऊ नये म्हणून पोरी मार्क कमी होऊ देत नाहीत. मी हे निखिलला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, गणित तेच आहे, फक्त चिन्ह बदललं."

शनिवारचं गवत

शनिवारी पहाटे खाली खुडबुड ऐकू आली म्हणून गेले, तर निखिल गाडीत सामान भरत होता. घडीच्या खुर्च्या, केळी, पाण्याचा मोठा जग, इराचे जादा मोजे, ब्लँकेट.

"तुझा तिच्या पळण्याला विरोध आहे ना?" मी विचारलं.

"विरोध वेगळा अन् शनिवार वेगळा," तो म्हणाला आणि केळी नीट सीटखाली ठेवली, चेंगरू नयेत म्हणून.

मला वाटलं होतं स्टेडियम असेल, लाऊडस्पीकर असेल. कसलं काय! एक मोठं कुरण, त्याच्या कडेला जंगल, आणि गवतावर चुन्यासारखी पांढरी रेघ मारलेली. ती रेघ टेकाडावर चढत होती, झाडांत शिरत होती, कुठून तरी परत येत होती. चहूकडं शाळाशाळांचे तंबू. गवत इतकं ओलं की माझ्या कापडी बुटांत पाणी गेलं. थंडी अशी की मी पदर कानांवरून घेतला आणि वरून मृणालचं जाकीट घातलं. त्या अवतारात मी कुठल्या देशाची प्रतिनिधी दिसत होते, देव जाणे.

आणि आता माझी फजिती सांगते. सगळ्या पोरी एका लांब रांगेत उभ्या राहिल्या, पिस्तूल वाजलं, नुसता धबधबा सुटला पोरींचा! माझं रक्त सळसळलं. हात आपोआप गळ्याकडं गेला आणि मी इरासाठी शिट्टी मारली. चांगली सणसणीत, साताऱ्याच्या मैदानात या टोकाची त्या टोकाला जाते तशी. आणि काय सांगू, पुढच्या निम्म्या पोरी थबकल्या! सुरुवातीला कुणी पडलं, धक्काबुक्की झाली, तर शर्यत थांबवून पुन्हा सुरू करतात, आणि त्यासाठी असाच इशारा असतो, हे मला काय ठाऊक? पंच हातवारे करत ओरडले, "गो, गो, गो!" पोरी पुन्हा सुटल्या. लाल टोपीतला एक पंच माझ्याकडं आला आणि इतक्या अदबीनं बोलला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निखिलनं हात पुढं केला. "मावशी, ही माझ्याजवळ राहू द्या." मी गळ्यातून शिट्टी काढून दिली. त्यानं ती जाकिटाच्या खिशात टाकली आणि चेन लावली.

मग मी एक वेगळाच खेळ पाहिला. शर्यत एका जागेवरून दिसतच नाही, त्यामुळं आईबापही पळतात. पोरी टेकाडामागं गेल्या की सगळे पालक कुरण तुडवत दुसऱ्या कोपऱ्यावर. निखिलचं पोट चांगलं सुटलंय, पण तो सगळ्यांच्या पुढं. "चल इरा! चल चल चल! हात हलव बाप्पा, हात!" इरा समोरून गेली ती लालबुंद चेहऱ्यानं, आमच्याकडं न बघता. निखिल पुन्हा पुढच्या कोपऱ्याकडं.

इरा टीममध्ये तिसरी आली. पण मला राहून राहून आठवते ती शेवटची मुलगी. बाकीच्यांचं केळं खाऊन झालं तरी ती येतच होती, आणि दोन्ही बाजूंना गर्दी उभी राहून टाळ्या वाजवत होती, पहिल्या मुलीला मिळाल्या नव्हत्या इतक्या. आमच्याकडं शेवटची आलेली पोरगी पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसते आणि आपण तिला शोधून आणतो. मीही हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या.

मक्याच्या देशात

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं आयोवाला निघालो. मृणालनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या आणि मी धपाटे. लोणच्याची बाटली डिकीत उलटली आणि गाडीला जो वास लागला तो परत येईपर्यंत गेला नाही. इरा म्हणाली, "द होल टीम विल नो वी आर हिअर."

वाटेत फक्त मका. कापणीला आलेला, पिवळा पडलेला मका, दोन्ही बाजूंना, नजर संपेपर्यंत. आमच्याकडं उसाचा पट्टा असा लांब असतो, पण मध्ये माणूस दिसतो, बैल दिसतो, एखादी म्हातारी बांधावर बसलेली असते. इथं एवढ्या रानात एक अजस्र यंत्र धूळ उडवत चाललं होतं आणि त्याच्या काचेआड एकच माणूस. मग मिसिसिपी आली. केवढं ते पात्र! मी म्हटलं, जरा थांबव, हात जोडते. निखिल म्हणाला पुलावर थांबता येत नाही. मग गाडीतूनच नमस्कार केला. इरानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच स्वतःही केला.

कॉलेज छान होतं, अगदी वाईट वाटावं इतकं छान. लाल विटांच्या इमारती, पिवळी झालेली झाडं, आणि समोरून येणारा प्रत्येकजण हसणार. कोचचं नाव बेकी. माझ्याच वयाची असेल, पांढरी वेणी, पायांत पळायचे बूट, आणि ऑफिसात टेबलाखाली झोपलेला म्हातारा कुत्रा. मला ती बघताक्षणी आवडली. आपल्या जातीची बाई ओळखू येते, मैदानावर उन्हात रापलेली.

बेकीनं इराला विचारलं, "तुला सकाळी पळायला आवडतं की संध्याकाळी?" मृणाल म्हणाली, "मॉर्निंग." बेकीनं विचारलं, "अभ्यासात काय आवडतं?" निखिल म्हणाला, "कम्प्युटर्स. मॅथ पण." बेकी इराकडंच बघत होती. "शर्यतीआधी भीती वाटते?" मी म्हटलं, "नो, नो! व्हेरी ब्रेव्ह गर्ल!" आमच्या खेळात खो मिळायच्या आत पाटीवरून उठलं तर फाऊल देतात. आम्ही तिघांनी त्या खोलीत किती फाऊल केले असतील!

मग बेकी खुर्ची पुढं ओढून बसली आणि म्हणाली, "इरा, हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. समज, तू इथं आलीस आणि पहिल्याच आठवड्यात तुझा पाय मोडला. पुन्हा कधीच पळता येणार नाही असा. तरी तुला इथंच राहावंसं वाटेल?"

इरानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी मृणाल किंचाळली, "शिव शिव शिव!" निखिल म्हणाला, "नो, नो, प्लीज, डोन्ट से लाइक दॅट." आणि मी? मी उभीच राहिले. ऐन हंगामात, पोरीच्या तोंडावर असं अभद्र? मी बेकीला माझ्या इंग्रजीत समजावलं, "मॅडम, इन अवर प्लेस, हाऊस इज लिसनिंग. यू से बॅड थिंग, हाऊस सेज येस."

बेकीनं आढ्याकडं पाहिलं. कुत्र्यानंही डोळे उघडून पाहिलं. मग ती बिचारी मनापासून म्हणाली, "आय ॲम सो सॉरी," आणि विषय बदलला. वास्तू तथास्तु म्हणते हे तिला कोण सांगणार होतं? पण त्या गडबडीत इराचं उघडलेलं तोंड मिटलं, ते मी पाहिलं.

नंतर बेकीनं आम्हा मोठ्यांना गोड बोलून जेवणघरात पाठवलं आणि इराला टीमच्या मुलींबरोबर सोडलं. तिथं मी सफरचंदाचा पाय खाल्ला. कणकेची पुरी भाजून आत मुरांबा भरला तर जे होईल ते, चवीला चांगलं. निखिलचं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं होतं, की हे कॉलेज खेळाची शिष्यवृत्ती देतच नाही. "पैसे नाही देत, मग ह्या पोरी पळून कशाला राहिल्या?" आवडतं म्हणून पळत असतील, मी म्हटलं.

निघताना बेकी गाडीपर्यंत आली. आम्हा तिघांशी हात मिळवले आणि मग फक्त इराला म्हणाली, "त्या प्रश्नाचं उत्तर मला नाही दिलंस तरी चालेल. पण मला हो किंवा नाही सांगायच्या आधी, स्वतःला दे."

परतताना मी कॉलेजचं इतकं कौतुक केलं, की शेवटी मृणाल मागं वळली. "मावशी, तुला कशासाठी बोलावलं आणि तू काय करतेयस!" मी धपाटं खाल्लं आणि खिडकीबाहेरचा मका बघितला. इरानं कानांत ते बोळे घातले होते आणि डोळे मिटले होते. ती झोपलेली नव्हती.

डेव्हन ॲव्हेन्यू

दिवाळीची खरेदी करायला शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूला गेलो. मला तर हायसं वाटलं. साड्यांची दुकानं, मिठाई, फुटपाथवर भाजीचे खोके, आणि कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय! इतक्या दिवसांत पहिल्यांदा रस्त्यावर आवाज ऐकला. निखिल पार्किंगसाठी गल्ल्यागल्ल्यांतून घिरट्या घालत राहिला, मृणाल चकलीच्या भाजणीच्या शोधात गेली, आणि मी इराला घेऊन एका मिठाईच्या दुकानात बसले. महिनाअखेर जवळ आली होती. म्हटलं, आज काय तो निकाल लावायचा. मी भाषण तयार ठेवलं होतं. खेळानं माणूस कसा घडतो, वगैरे.

इरानं जिलबी काट्यानं खायला घेतली. मी ते कसंबसं सहन केलं. भाषण सुरू करणार तोच तिनं विचारलं, "आजी, दॅट क्वेश्चन. त्यात राँग काय होतं?"

मी वास्तूचं समजावलं. घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते आणि ते खरं होतं.

"पण लेग्ज मोडतात ना?"

"मोडतात की. माझ्या कितीतरी पोरींचे गुडघे गेले."

"मग तू त्यांना आधी काय सांगायचीस?"

"आधी काही सांगत नाही. असं बोलत नाहीत आधी."

"सो यू जस्ट वेट? मोडेपर्यंत?"

मी चहाचा घोट घेतला, तो गार झाला होता. आजूबाजूला पाहिलं. म्हटलं, दुकान दुसऱ्याचं, वास्तू दुसऱ्याची. तिनं काही तथास्तु म्हटलंच तर त्यांचं ते बघतील. मी मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि विचारलं, "बरं, इरा. तिथं गेलीस आणि पाय मोडला तर?"

आणि मग मी गप्प बसले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. माझ्यासारखीला गप्प बसणं म्हणजे पाटीवर बसून खोची वाट बघण्याहून अवघड. ती जिलबीच्या पाकात काटा फिरवत होती. दोनदा माझ्या जिभेवर 'तू घाबरू नकोस' असं आलं, दोनदा गिळलं.

"आय वुड कम होम," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी."

"का गं? कॉलेज आवडलं नाही?"

"टीम आवडली. बेकी आवडली. पण तिथं पळणं सोडून मला काहीच बघावंसं वाटलं नाही. त्या मुली मला लायब्ररी दाखवत होत्या आणि मी पळायचा ट्रेल कुठे आहे ते शोधत होते." मग ती थोडं थांबली. "आणि आजी, बाबाला वाटतं तसं कम्प्युटर्स पण नाही. आय मीन, मे बी. मला माहीत नाही काय ते. लहान कॉलेजमध्ये लवकर माहीत असावं लागतं. मोठ्या ठिकाणी माहीत नसलं तरी चालतं, खूप दारं असतात."

खरं सांगते, मला वाईट वाटलं. माझी पोरगी मैदान सोडणार होती, आणि तेही माझ्याच प्रश्नाचं उत्तर देऊन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तोंडातून निघूनच गेलं, "म्हणजे पळणं बंद?"

इरानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काही अभद्र बोलले. "आजी! हू सेड दॅट? पळायला टीम कशाला लागते?"

तेवढ्यात निखिल घामाघूम होऊन आला. पार्किंग मिळालं होतं, पार दुसऱ्या टोकाला. त्यानं एक अख्खी जिलबी हातानं उचलून तोंडात टाकली आणि विचारलं, "काय ठरलं मग?"

"बाबा, घरी सांगते," इरा म्हणाली.

मागचं अंगण

घरी तिनं सांगितलं, जेवणाच्या टेबलावर, आईबापासमोर. आयोवाला जायचं नाही म्हटल्यावर निखिलचा चेहरा उजळला. कम्प्युटरचंही नक्की नाही म्हटल्यावर पडला. मृणाल म्हणाली, "अगं पण मग करणार काय तू?" निखिल म्हणाला, "काही तरी ठरवावं लागते ना इरा, असं कसं?" मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मावशीनं समजवायचं होतं ना.

मी म्हटलं, "मला नका विचारू. मला जे हवं होतं तेही हिनं नाही दिलंय. पण उत्तर हिचं आहे, आणि विचार करून दिलंय. आपल्यात इतका विचार कुणी केलाय का सांगा."

मृणालनं वरण वाढलं, कुणी मागितलं नसताना.

राहिला होता बेकीला फोन. निखिलनं फोन हातात घेतला. "मी बोलतो. नीट सांगतो, तिला वाईट नको वाटायला." बापाचा जीव. इरानं त्याच्या हातातून फोन हळूच काढून घेतला आणि काचेचं दार सरकवून मागच्या अंगणात गेली. मी ह्या पोरीला दोन्ही प्रश्नांना "आय डोन्ट नो" म्हणताना पाहिलं होतं. तीच आता थंडीत, पायांत नुसते मोजे घालून, फोन कानाला लावून फेऱ्या मारत होती. आम्ही तिघं काचेआड उभे, दूरदर्शनचा आवाज बंद करून बघावं तसे. ऐकू काही येत नव्हतं. एकदा ती थांबली. एकदा तिनं बाहीनं डोळे पुसले. मृणालचा हात दाराच्या मुठीवर गेला. मी तो धरून ठेवला.

आत आली तेव्हा रडत होती आणि हसतही होती. "ती थँक यू म्हणाली," इरानं सांगितलं. "म्हणाली, पुष्कळजण फोनच करत नाहीत. आणि बाबा, ती म्हणाली, टेल युअर ग्रँडमदर द हाऊस इज फाइन."

शेवटचा शनिवार, आणि त्याच्या नंतरचा

हंगामातली शेवटची शर्यत त्याच कुरणावर होती. झाडं आता उघडी पडली होती. निखिलनं नेहमीसारख्या खुर्च्या लावल्या, केळी ठेवली, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पळाला. "चल इरा! चल चल!" इरा पळत पुढं गेली, सगळ्या पोरी गेल्या, गर्दी निघाली, तरी हा दोरीपाशी उभा. मी जवळ गेले.

"मावशी," तो म्हणाला, "ही सहावीत होती तेव्हापासून मी शनिवारी इथं असतो. मला वाटायचं, हे कधी संपेल." त्यानं नाक ओढलं. "आता पुढच्या शनिवारी मी काय करू?"

जन्मभर पोरींच्या आयांना समजावलं, ह्या बापाला मात्र केळं सोलून दिलं.

पुढच्या शनिवारी पहाटे बर्फ पडलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं. मी शाल गुंडाळून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते, सगळं पांढरं, सगळं गप्प. मृणाल चहा करत होती. जिन्यावरून इरा उतरली, पळायचे बूट, कानटोपी, हातमोजे. ना शर्यत, ना टीम, ना कोच. ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकली, तर दाराजवळ निखिल उभा. जाकीट घातलेलं, हातात केळं.

"बाबा, आज रेस नाहीये."

"माहितीय." तो जागचा हलला नाही. मग, मी त्याला इतक्या दिवसांत कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात म्हणाला, "मी येऊ का?"

मृणालनं तोंड उघडलं. मीही उघडलं होतं. 'ये की, त्यात काय विचारायचं' असं अगदी ओठांवर आलं होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींनीही तोंड मिटलं. चहा उतू गेला तरी कुणी हललं नाही.

इरानं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. सावकाश, दुहेरी गाठ मारून. मग उठली आणि त्याच्या जाकिटाच्या चेन लावलेल्या खिशाकडं बोट केलं.

"ये," ती म्हणाली. "पण आजीची शिट्टी घरी ठेव."